खाडीची की खडकावरची?

काल चारोटीच्या हॉटेलात सुनेने हौसेने शिंपल्यातली कालवं मागवली. वर चीजचा थर. "ही खाडीची की खडकावरची?" मी वेटरला विचारलं. "पाकिटातली, आजी," तो म्हणाला. माझं डोकंच फिरलं, आणि आईचं डहाणूचं स्वयंपाकघर आठवलं.

खाडीची कालवं मऊ, गोडसर. खडकावरची छोटी, घट्ट, खारट. आई ती वेगवेगळ्या वाडग्यांत ठेवायची. आधी एकेक कच्चंच चाखायची, मगच मसाला ठरवायची. एकदा वाणगावच्या काकांनी मदत म्हणून दोन्ही वाडगी एकाच पातेल्यात ओतली, वर चिंचेचा कोळ.

"भावजी, उद्या मला आणि शेजारणीला एकाच नावाने हाक माराल!" आई कडाडली.

"कालवं ती कालवंच, वहिनी. त्यात काय एवढं?"

आई जेवली नाही. घरभर कालवणाचा वास सुटलेला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. काय हसण्यासारखं होतं त्यात?

काल मी ताट दूर सरकवलं. "खा हो आई, सगळी सारखीच असतात," सून म्हणाली, आणि टेबलावरचे सगळे हसले. मी तोंड फिरवायला भिंत शोधली. चारही बाजूंना नुसत्या काचा होत्या.