एका घरात एकच नाव

कळंबला, घराच्या माडीवर बसून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवते. त्यामुळे गल्लीतल्या मंडळानं डोळ्यांचं मोफत शिबिर ठरवलं तेव्हा नोंदणी आपसूकच माझ्या गळ्यात पडली. मीही हौसेनं म्हटलं, कागद नकोत, मोबाइलवर करू. नाव, वय, फोन आणि 'मोतीबिंदू आहे का?' याला हो किंवा नाही. त्या उत्तराच्या कॉलमला मी इंग्रजीत 'एग्झिस्ट्स', म्हणजे 'आहे', असं सुटसुटीत नाव दिलं. स्वतःची नोंद करून, 'नाही' निवडून तपासलं. व्यवस्थित चाललं. मग काय, मला आभाळ ठेंगणं!

आई दारोदार फिरून माणसं घेऊन आली. पहिली नोंद तिनं स्वतःची केली. तिला उजव्या डोळ्यानं डाळीतला खडासुद्धा दिसेनासा झाला होता. प्रत्येकाला मोबाइलवर हिरव्या अक्षरांत 'नोंद झाली' असं दिसायचं आणि माणसं समाधानानं घरी जायची.

शिबिराच्या आदल्या दुपारी मी यादी काढली. एकोणचाळीस जणांऐवजी नऊच नावं. ती नऊही नुसता चष्म्याचा नंबर काढायला येणाऱ्यांची. मोतीबिंदू असलेलं एकही माणूस यादीत नव्हतं. आईसुद्धा नव्हती. सकाळी सातला हॉस्पिटलची गाडी येणार होती आणि यादीत नाव नसेल त्याचं ऑपरेशन होणार नव्हतं.

आधी वाटलं, कुणीतरी मुद्दाम पुसलं. शोधत गेले तर चोर घरातच. मी ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, काम करते, त्यात 'एग्झिस्ट्स' हे नाव आधीपासूनच होतं. ही नोंद वहीत पूर्वीच आहे का, एवढंच ते त्याला सांगतं. त्यामुळे ज्यानं 'हो' म्हटलं, त्याची नोंद जुनीच आहे असं समजून फ्रेमवर्क ती दुरुस्त करायला गेलं. जुनी नोंद सापडली नाही, नवी त्यानं लिहिली नाही, आणि वर 'नोंद झाली' म्हणून मोकळं. दहा वर्षं मी हे काम करतेय! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

आईला सांगितलं. मला वाटलं चिडेल, पण तिनं खुर्ची ओढली आणि घरागणिक नावं सांगायला लागली. तीसच्या तीस तिला पाठ होती. मी एकेकाला फोन करून पुन्हा माहिती घेतली. दिवेलागणीला यादी पुरी झाली, पहिलं नाव आईचं.

"आता त्या कॉलमचं नाव बदल," आई म्हणाली. "एका घरात एका नावाची दोन माणसं ठिऊ न्हाई, बाई. हाक मारली की जुनंच माणूस ओ देतंय."

"तुला गं काय कळतंय कॉम्प्युटरमधलं?"

"कॉम्प्युटरचं न्हाय कळत. लग्नात माझं नाव बदललं तवा तुझी आजी असंच म्हणली व्हती."

आईचं नाव बदललं होतं, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं.

"थोरल्या जाऊबाईंचं अन् माझं एकच व्हतं की. मग माझं दुसरं लिवलं तांदळात."

थोरल्या काकूचं नाव! आजी दिवसातून पन्नासदा त्या नावानं हाक मारायची आणि काकू "आले" म्हणत जायची. आई तिथंच चुलीपुढं भाकरी थापत असायची. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं होतं.

"तुला कधी ओ द्यावीशी नाही वाटली?"

"पयलं वरीसभर निघायची की तोंडातून," आई म्हणाली. "समदी हसायची. मग गप ऱ्हायला शिकले."