पुस्तकात नसलेला देश

सातवीत शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन मी कोकणातून कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर आले. एका दुपारी घरचे सगळे मोबाइलवर विनोदी सिनेमा बघत होते. त्यातला मंत्री शेजारच्या देशाने हल्ला केल्याचं सांगून सैन्य पाठवतो. सगळे हसत होते. मला मात्र त्यानं नाव घेतलेला तो देशच माहीत नव्हता; शाळेच्या पुस्तकातही वाचला नव्हता. अडाणीपण उघडं पडेल म्हणून मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आत्या, हा देश कुठं आहे?"

"कुठंच न्हाई. मंत्र्यानं मनानं बनवला."

"मग सैन्य कुठं गेलं?"

भाकरी थापता थापता त्या थांबल्या. मग माझ्या नवऱ्याला मोठ्यानं म्हणाल्या, "अरे, सैन्य कुठं गेलं? मला कळून न्हाई राहिलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यानं सिनेमा मागं नेला आणि सैन्य शोधायला तो प्रसंग पुन्हा लावला.