देवावर रुसलेल्या सासूबाई

नात्यातल्या एका बाळाचा बाप्तिस्मा होता, म्हणून माझा नवरा अमरावतीहून मोटरसायकलने अकोल्याला निघाला. आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, मागून बसने जाणार होतो. मूर्तिजापूरच्या पुढे ट्रकने त्याला उडवलं. लोकांनी उचलून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा यंत्र त्याला श्वास देत होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वाट बघा."

आमचं घराणं आजे-पणज्यांपासून ख्रिस्ती. वाट बघायची म्हणजे प्रार्थना करायची, एवढंच मला ठाऊक होतं. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी प्रार्थना करत राहिले. आधी पूर्ण वाक्यं, मग नुसतं 'प्रभू, प्रभू', मग तेही सुचेना.

अमरावतीहून आमच्या चर्चच्या मंडळीतले काही जण भेटायला आले. सोबत एक उपदेशक होता. आमचे पाळकसाहेब नव्हेत. हा गावोगाव आजार बरे करण्याच्या सभा घेणारा. त्याने मोठ्याने प्रार्थना केली आणि मला म्हणाला, "ताई, प्रभू तर तयार आहे. तुमचाच विश्वास कमी पडून राहिला. शंका काढून टाका, पाहा ते उठतात का नाही."

तेव्हापासून मी तांदळातले खडे निवडावेत तशी मनातली शंका निवडत बसले. एक काढली की दुसरी दिसे. आत यंत्र वाजलं की वाटे, ही माझीच शंका वाजली. संध्याकाळी नर्स म्हणाली, रक्तदाब उतरतोय. मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आई, माझ्यामुळे मरताहेत हे."

त्यांनी मला वर ओढून जवळ घेतलं. मला धरून तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी उपदेशक पुन्हा आला, तेव्हा त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, काहून माझ्या सुनेचा जीव घेऊन राहिले तुमी?"

"माय, मी तर विश्वासाचंच सांगतो…"

"माझी पोरगी तापानं गेली, तवाही लोक मले हेच बोलले. मी काय देवाले लाच देऊन राहिली का, का विश्वास घे आन लेकरू दे? पोरगा उठला तरी प्रभू माझा. नाही उठला तरी माझाच. पण नाही उठला तर मी त्याच्याशी भांडीन. त्याले सांगून ठेवलं हाय मी."

उपदेशक निघून गेला. माझा नवरा उठला नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

अमरावतीला दफन झालं. कबरीपाशी मंडळी पुनरुत्थानाचं गीत गात होती. सासूबाईंचे ओठ मिटलेले होते. माझेही.

रविवारी त्या पांढरं लुगडं नेसून दारात उभ्या. "चाल, उपासनेले."

मी चिडले. "कशाला? तुम्हीच म्हणालात ना, भांडणार म्हणून?"

"मंग? भांडाले त्याच्याच घरी जा लागते ना."

पुढे किती तरी रविवार त्या तशाच गेल्या. गीत गायच्या नाहीत, प्रार्थनेला डोळे मिटायच्या नाहीत. समोर बघत बसायच्या, ताठ. प्रभुभोजनाची भाकर, येशूच्या आठवणीत सगळे वाटून खातात ती, समोर आली तरी हात पुढे करायच्या नाहीत. बायका कुजबुजायच्या, म्हातारीचा विश्वास गेला. मलाही तसंच वाटे.

मग एका रविवारी त्यांनी तुकडा उचलला. परतताना मी विचारलं, "राग गेला का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

माझं अजून तसं झालेलं नाही. भाकर समोर येते आणि माझे हात मांडीवरच राहतात. पाळकसाहेब क्षणभर थांबतात, मग पुढच्या माणसाकडे जातात. 'विश्वास ठेवा' असं त्यांनी मला एकदाही म्हटलेलं नाही. मी जात राहते.