ते रक्त माझेच होते

"काकूनं विटाळ पाळला नाई, म्हणून काकाच्या धातूत रगत आलं. घरच्यायनं तिले माहेरी धाडलं, पण ती रडली-भेकली अन् काका भुलले. मंग पुजाऱ्यानं उतारा केला, तवा कुठी थांबलं."

माझ्या पत्नीच्या तेरवीच्या पंगतीत माझ्या पुतण्याने ही कथा सांगितली, आणि पलीकडच्या पानावर मी जिवंत बसलो आहे याचे त्याला भान नव्हते. जिच्यावर हा आळ आहे ती आता उत्तर देऊ शकत नाही. म्हणून मी देतो. विषय लाजेचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल पुढे वाचू नये. पंगतीत मात्र त्यांचे कान टवकारलेले मी पाहिले आहेत.

गोष्ट एकोणीसशे पन्नासच्या दशकातील. चामोर्शीजवळ आमची धानाची शेती, आणि माझे लग्न नुकतेच झालेले. आमच्याकडे पाळीच्या दिवसांत बायका घरामागच्या खोपीत बसत. माझी पत्नीही बसे, इतरांपेक्षा काटेकोरपणे बसे. एके सकाळी ती नदीवर माझे धोतर धूत असताना घरात कर्ती असलेल्या माझ्या आत्याने त्यावरचा तांबडा डाग पाहिला. तो वीर्याचा होता आणि त्यात रक्त होते. त्या आठवड्यात ते दुसऱ्यांदा आले होते. लघवीला जळजळ होती, अंगात कणकण होती.

आत्याने अंगणातच निवाडा केला. "मानसाच्या आंगात असं रगत रायतेच कुठी? हे हिचंच होय. खोपीतून आधीच उठली असन."

"मी आधी उठली नाई," पत्नी म्हणाली.

"तोंड चालवू नोको, पोरी."

"त्या दिवसात माह्या हातचं पानी तुमाले चालत नाई, अन् मीच धुतलेल्या धोतरावर माहाच गुन्हा दिसते?"

आत्याने लगेच बैलगाडी जुंपायला लावली. पत्नीला माहेरी सोडायचे आणि पुन्हा आणायचे नाही, असे ठरले. तिचे माहेर वैनगंगेपलीकडे, मूलच्या वाटेवर. तिला माहेरी धाडायला निघाले, एवढे पुतण्याच्या कथेत खरे आहे; गाडी मीच हाकली. रडण्याचे मात्र साफ खोटे. ती वाटेत एकदाच बोलली, "रगत तुमच्या आंगातून आलं, अन् गाडीत मले काऊन बसवलं?" माहेरचा फाटा आला तेव्हा मी बैल वळवले नाहीत. गाडी थेट मूलच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टर नागपूरकडचे, तुटक बोलणारे. त्यांनी मला पडद्याआड घेतले आणि आमच्या घरात कोणाच्याही तोंडी न आलेले प्रश्न विचारले. मार लागला होता का? लघवीत रक्त दिसते का? अंडाला गाठ, सूज? त्यांनी गुदद्वारातून बोट घालून तपासले, तेव्हा मी वेदनेने ओरडलो. "इथेच आहे," ते म्हणाले. मूत्राशयाखालच्या ग्रंथीला सूज आणि जंतूंची लागण होती. त्यांनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितले. "तुमच्या वयात असे एखाद्या वेळी दिसते आणि आपोआप जाते, दुखत नसेल, ताप नसेल, तर बहुधा भिण्यासारखे नसते. पण तुमचे पुन्हा आले, वर जळजळ आणि ताप. असे असताना घरी बसणे मूर्खपणा. आणि चाळिशीनंतर दिसले, तर एकदाच दिसले तरी या."

गोळ्या संपेपर्यंत जळजळ गेली, डागही गेला. पुजाऱ्याचा उतारा त्यानंतर झाला, आत्याच्या समाधानासाठी. बऱ्या झालेल्या माणसावरून उतरवलेल्या कोंबड्याला श्रेय द्यायचे असेल तर द्या. तो कोंबडा पुतण्याच्या बापाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने खाल्ला.

याच भावाचा मला राग आहे. ते रक्त तिचे असू शकत नाही, हे मला डॉक्टरांच्या एका प्रश्नाने कळले होते, आणि पत्नीला घेऊन घरी परतल्यावर मी ते भावाला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "चूप राय गा. आत्या म्हातारी हाये, तिले खोटं कायले पाडाचं? बायकोच्या नावावर गेलं तं जाऊ दे." मी चूप राहिलो नाही. अंगणात सर्वांसमोर सांगितले. आत्याने कानावर पदर ओढला, भाऊ खाकरला, आणि घरात पुढे जी कथा चालली तीत माझे ते वाक्य कोणी ठेवले नाही. तेच येथे ठेवतो.

डॉक्टरांनी विचारले होते, "याआधी कधी?" आणि मी म्हणालो होतो: हो, एकदा, सूरजागडच्या पायथ्याशी बांबूतोडीच्या तळावर, जिथे एकही स्त्री नव्हती, झोपेतून उठलो तेव्हा धोतरावर असाच तांबडा डाग होता, आणि तोवर मी माझ्या पत्नीला पाहिलेही नव्हते.