सरकणारा सूर

आमच्या शेजारचे दामूकाका ऑर्केस्ट्रात स्टील गिटार वाजवायचे. मांडीसमोर आडवी ठेवलेली, पायाने पेडल दाबलं की सूर चढवणारी. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला आणि वाजवणं थांबलं.

काल दुपारी मी सहज त्यांच्याकडे डोकावले, तर त्यांची मुलगी सुमन कीबोर्डवर तोच आवाज काढू पाहत होती. एका हाताने पट्टी दाबायची, दुसऱ्याने बाजूचं छोटं चाक फिरवून सूर वर न्यायचा.

"उडी मारतेस गं," काका म्हणाले. "सरकत जा."

तिने पुन्हा पुन्हा वाजवलं. जमेना. मग तिचं लक्ष त्यांच्या उजव्या पावलाकडे गेलं. सूर चढायच्या क्षणी ते हलकेच फरशी दाबत होतं. तिने कीबोर्डवरची नजर काढली आणि त्या पावलाबरोबर चाक फिरवलं.

सूर थरथरला, अलगद वर जाऊन टेकला. हुबेहूब नव्हताच तो. आपल्या माणसाची नक्कल करताना थोडे आपणही त्यात मिसळतोच ना?



"माझ्यापेक्षा हळवं वाजवतेस," काका म्हणाले. "तसंच राहू दे."