विमानात बसणारी थैली

आमच्या देऊळगाव राजाची पोरगी एअर होस्टेस झाली म्हटलं की लोकाइले वाटते, मजा आहे बुवा! फिरते, मिरवते, लिपस्टिक लावते. डोंबलाची मजा! मी कय्यूम, जीपवाला. सुचिताले दर आठवड्याले औरंगाबादच्या विमानतळावर मीच सोडतो. तिथून ती मुंबईले ड्युटीवर जाते. त्या पोरीचे हाल अन् तिची हिंमत, दोन्ही म्या डोळ्यानं पाह्यले. बाकीच्याइनं तोंड सांभाळून बोलावं.

मुंबईतच खोली करून राहाली असती तं कोणी नाव ठेवलं नसतं. पण घरी तिचे वडील, उकंडराव. बीटी कपाशी आली तवा लोक म्हणत, आता फवारणीची कटकट गेली. बोंडअळी थांबली काही साल, पण बाकीच्या किडीनं उच्छाद मांडला. उकंडराव तोंडाले फडकंही न बांधता फवारत राह्यले अन् एक दिवस वावरातच पडले. जीव वाचला, पण नजर अधू झाली ती झालीच. तवापासून सुट्टी भेटली की सुचिता घरी. नखाची पॉलिश खरवडते, कपाशीले खत टाकते, मजुराइच्या मागं फिरते, अन् पुन्हा अंबाडा बांधून विमानात उभी, हसतमुख! सलाम आहे बाप्पा.

तिचा राग एकाच गोष्टीवर. स्वतःच्या नोकरीवर जातानाही विमानतळावर साऱ्याइसारखी तपासणी. बूट काढ, बॅग उघड, हात वर कर. तपासणारी बाई दर आठवड्याले हिचं तोंड पाहते, तरी पुन्हा पह्यल्यापासून! एकडाव तं नेलकटर काढून घेतलं. मले म्हणे, "चाचा, पायलटच्या खोलीत आगीबिगीसाठी कुऱ्हाड ठेवलेली असते. अन् हे माह्या नखाले भेतात!" मी एवढा हासलो, जीप रस्त्याखाली जाता जाता राह्यली.

आता ऐका खरी गोष्ट. तिची माय तानुबाई खताच्या रिकाम्या पोत्याची थैली शिवते अन् त्यात पोरीची भाकर-चटणी बांधून देते. पोतं पह्यले चांगलं खळखळून धुवा लागते. पण ते साल दुष्काळाचं. टँकरचं पाणी पेयलेच पुरे ना, तं पोतं कशानं धुवावं? बाईनं पोतं झटकलं, उलटं केलं अन् शिवलं. पोरीनं थैली बॅगेत टाकली, आम्ही निघालो.

त्या दिवशी उशीर करून चालणारच नव्हतं. आधी दोनदा उशीर झाला होता, अन् कंपनीनं बजावलं होतं, आता झाला तं नोकरी विसर. संध्याकाळी मुंबईहून तिची ड्युटी होती.

मी सवयीनं बाहेर थांबलो. सकाळचं विमान वर गेलं, मी चावी फिरवणार, तं ही समोरून येऊन राह्यली! डोळे लाल.

"काऊन व? काय झालं?"

तिनं सांगितलं. थैलीवरून त्याइनं कापडाची पट्टी फिरवली, पट्टी मशीनमधी घातली, अन् मशीन बोंबललं. खताची भुकटी अन् बॉम्बची भुकटी, मशीनले दोन्ही एकाच भावाच्या! बॅग सारी उपसली, भाकरीचे तुकडे करून पाह्यले, मोठ्या साहेबाले बोलावलं. हे खतच आहे अशी खात्री होईस्तोवर विमानाचं दार लागलं.

खुदा कसम, माही खोपडीच सरकली. म्हटलं, "चल, मी बोलतो त्याइच्याशी!"

तिनं माहा हात धरला. "नका चाचा. मले बी लय राग आला. पण मशीन खरंच वाजलं ना? माह्या विमानात दुसऱ्याची बॅग अशी वाजली असती, तं मीच म्हटलं असतं, तपासा. डिझेल किती आहे गाडीत?"

बस, जीप नाशिकच्या रस्त्याले लावली. भाकरीचे तुकडे आम्ही चालत्या गाडीतच खाल्ले. कसाऱ्याच्या घाटात, एवढ्या वळणाइत, माह्या गाडीच्या आरशात पाहून तिनं लिपस्टिक लावली. रेघ इकडची तिकडं गेली नाही! मुंबईले वेळेच्या आत पोचली. तिथंही पुन्हा रांग, पुन्हा बूट. थैली माह्या हातात देऊन म्हणे, "मायले काही सांगू नका."

मी काय कोणाचं ऐकतो? दुसऱ्या दिवशी थैली सीटखाली ठेवून तणतणत त्याइच्या घरी गेलो. या बाईले चार गोष्टी सुनावाव्या म्हटलं, पोरीची नोकरी जात होती! मी तोंड उघडाच्या आत तानुबाई म्हणे, "कय्यूमभाऊ, बरोबर गेली ना माही थैली? या जन्मी मी तं काही विमानात बसत नाही. माही थैली तरी बसते."

म्या म्हटलं, "बसली ना वहिनी. खिडकीजवळ."

पुढच्या खेपेले सुचिताले म्हणलं, "आता दुकानातली पिशवी घे, बाई." तिनं नाही म्हणून मान हलवली. म्हणे, "एक तास आधी निघू."

तवापासून आम्ही एक तास आधीच निघतो. थैली किती बी धुतलेली असो, सुचिता रांगेत गेली की बॅगेतून पह्यले तीच काढते अन् तपासणाऱ्या बाईच्या हातात देते. म्हणते, "ताई, हे आधी पाहून घ्या. माह्या मायनं शिवली."