कवेलू फेरताना खालून आलेला आवाज

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमचं बौद्ध घर. अंगारे-धुपारे, नवस, बाहेरचं-बिहेरचं यातलं काहीच आमच्या घरात कधी चाललं नाही. बाबा तर असलं कोणी बोललं की उठून जायचे. मी स्वतः चंद्रपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टमध्ये जे दिसतं तेवढंच लिहायचं, अशी सवय. तसंच इथेही लिहिते.

आमचं घर कुरखेड्याला, वस्तीच्या अगदी टोकाला. मागे बांध्यांतली धानाची शेतं, त्यापलीकडे जंगल. मातीच्या भिंती आणि वर गावठी कवेलू, म्हणजे भाजलेल्या मातीची कौलं. बाबा शाळेत शिपाई होते. सुट्ट्यांमध्ये थोडं थोडं करत त्यांनी हे घर स्वतःच्या हातानं बांधलं. दरवर्षी उन्हाळ्यात कवेलू फेरायचं, म्हणजे उतरवून फुटके बदलून पुन्हा रचायचं कामही तेच करायचे, दुसऱ्या कोणाला वर चढू द्यायचे नाहीत.

गेल्या होळीच्या सुमारास त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अगदी "आ" सुद्धा निघत नव्हता. आई आधीच गेलेली, भाऊ-बहीण कोणी नाही. मी लॅबमधून बिनपगारी रजा घेऊन घरी येऊन राहिले.

त्या वर्षी कवेलू फेरायचे राहूनच गेले. त्यात माकडांनी छपरावर नाचून अर्धे फोडले. श्रावणात झड लागली आणि घर गळायला लागलं. ताडपत्री टाकली, ती वाऱ्यानं दोनदा उडाली. बाबांची खाट मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढत होते. शेवटी मधल्या खोलीतली मयालीखालची तेवढी एक जागा कोरडी राहिली. मयाल म्हणजे छपराचं मुख्य लाकूड, सगळा भार तिच्यावर. बाबांच्या छातीत घरघर सुरू झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ओलीत ठेवू नका, छातीत पाणी झालं तर कठीण आहे." नाल्याला पूर आलेला, गाडी गावाबाहेर निघत नव्हती.

मी माणूस शोधायला गावभर फिरले. सगळे धानाच्या रोवणीला गेलेले. एक जण म्हणाला, "बाई, आता ओल्या कवेलूवर कोण चढन? मराचं हाय का?"

झडीच्या चौथ्या दिवशी दुपारी पाऊस थोडा थांबला. तेवढ्यात त्या कोरड्या जागेतही थेंब पडायला लागले... थेट बाबांच्या गळ्यावर. मी पुसत होते, पुन्हा पडत होते. बाबा नुसते माझ्याकडे बघत होते. मग माझं मलाच काय झालं कळलं नाही. शेजारच्या शमीम चाचीच्या घरात पाणी शिरलं होतं म्हणून ती आमच्याकडेच होती. तिला बाबांजवळ बसवलं, खाट जमेल तेवढी सरकवली, मागच्या ढिगातले कवेलू टोपल्यात भरले आणि शिडी लावली.

आयुष्यात कधी छपरावर चढले नव्हते. पहिला पाय ठेवला, दुसरा उचलला... आणि खालून आवाज आला—

"बेबी, थांब. त्या फाट्यावर पाय नोको देऊ. कीड लागली हाय त्याले. उजव्या हातानं ये."

मी थांबले. कवेलूंखालचा तो लाकडी फाटा टाळून उजवीकडून गेले. आणि मग लक्षात आलं — हा बाबांचा आवाज आहे!

"बाबा?" मी ओरडले. "बाबा, तुम्ही बोलून राह्यले?"

"आधी काम कर. पाणी येऊन राह्यलं."

मी रडत होते आणि काम करत होते. आवाज घराच्या आतूनच येत होता, फुटक्या कवेलूंमधून, अगदी स्पष्ट. "खालून वर लावत जाय. वरचं कवेलू खालच्यावर चार बोटं आलं पायजे." मी विचारायची, "हे तडकलेलं ठेवू का?" उत्तर यायचं, "ठेव, पण पालथं." तास-दीड तास असं चाललं. मला भीती अजिबात वाटली नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाही.

मयालीजवळ पोचले तेव्हा आवाज म्हणाला, "इथी हात घाल. तारेनं बांधलेला बांबू हाय, तार सुटली त्याची. ते आधी बांध. नाई तं सारं खालच्या माणसावर येईन."

'खालच्या माणसावर' — हे शब्द तेव्हा मला खटकले नाहीत.

हात घातला. खरंच गंजलेली तार तुटून लोंबत होती आणि बांबू मयालीवरून जवळजवळ निसटला होता. खाली फटीतून बाबांचे पाय दिसत होते. मी ओढणी फाडून, पिळून बांबू आवळला. हात सोलून निघाले. शेवटचे कवेलू बसवले आणि पाऊस कोसळला.

मी धावत आत गेले. "चाची, बाबा बोलले! ऐकलं ना तू?"

चाची म्हणाली, "कौन बोला बेटा? तूच एकटी बोलून राह्यली होती केव्हाची. मले वाटलं, फोनवर हाय."

बाबा तसेच पडलेले. तोंड वाकडं, ओठांच्या कडेला लाळ. आमचं डाव्या हाताचं ठरलेलं होतं — एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, तुम्ही बोलले ना माझ्याशी?"

दोनदा दाबलं.

मला वाटलं, चुकले असतील. विचारलं, "मी बेबी ना?" एकदा. "आपण घरी हाओत ना?" एकदा. "वर मले तुम्ही सांगत होते ना?"

पुन्हा दोनदा.

मग मी घाबरत घाबरत विचारलं, "तुमाले आवाज आला?"

चाची म्हणाली, "सो गये शायद." पण डोळे उघडे होते, वर छपराकडे लागलेले. मग त्यांनी हात दाबला. एकदाच. आणि मग सोडलाच नाही. मला अंधार पडेपर्यंत तिथेच बसावं लागलं.

त्यानंतर त्या पावसाळ्यात घर गळलं नाही. छातीची घरघरही उतरली. धान कापून झाल्यावर माणूस मिळाला, त्यानं वर जाऊन तो किडका फाटा हातानं मोडून दाखवला. "बाई, ह्याच्यावर पाय पडला असता तं तुम्ही थेट खाली होत्या," म्हणाला. बाबा पुढे थंडीत गेले. शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचं म्हणणं, झोप नाही, ताण, डोकं असे आवाज तयार करतं. मान्य. मीही दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. पण ती तार मला माहीत नव्हती. आणि मला भास झाला असेल, तर तो बाबांना कसा ऐकू आला? चाची तर त्यांच्या उशाशी बसलेली होती, तिला काहीच का ऐकू आलं नाही?

घर मी विकलेलं नाही, पण तिथे एकटी राहतही नाही. त्या आवाजानं आमचं वाईट केलं नाही, हे मी स्वतःला रोज सांगते. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही... त्या दुपारी वरून मी कितीदा तरी "बाबा, बाबा" अशी हाक मारली होती, आणि बाबा नसलेलं जे कोणी होतं, ते दर वेळी ओ देत होतं.